ओटीची झडती

"द्वारकाबाई, पैसा तुमच्या हाताखालून जातोय," जयवंत साहेब म्हणाले.

मी दारात उभी होते. साहेबांच्या टेबलावर मुंबईहून आलेला कागद होता. खाडीवरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर एक मोठा शिंपला ठेवला होता. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पगाराच्या दिवशी मी अंगठा करायची.

"माझ्या हाताखालून?"

"बायकांच्या अंगावरून. पुरुषांची झडती मी स्वतः उभा राहून घेतो. गाड्यांची जुवं उचलून बघतो. माडीच्या पिंपात काठी घालतो. तरी मुंबईला पक्की खबर आहे की सोनं याच तरीवरून पलीकडे जातं. मग राहिलं कोण?"

सन बेचाळीसचा कार्तिक महिना होता. आमचा जकातीचा नाका म्हणजे खाडीच्या काठावर, होडीच्या तरीपाशी, चिऱ्यांच्या दोन खोल्या आणि बायकांच्या झडतीसाठी बाजूला उभारलेली माडाच्या झापांची एक खोपटी. समोर पाणी, पाण्यापलीकडे गोवा. गोव्यात फिरंग्याचं राज्य. इंग्रज लढाईत उतरला होता, फिरंगी उतरला नव्हता. तो इंग्रजाशीही बोलत होता, जर्मनाशीही, आणि दोघांशीही व्यापार करत होता.

साहेबांनी टेबलावर बोटाने रेघ ओढून दाखवली. "इथून सोनं पलीकडे गेलं. पलीकडे ते विकलं. पैसे पेढीत भरले की तार जाते लिस्बनला. फिरंग्याचा मुलूख, त्याला कोण अडवणार? लिस्बनहून तो पैसा जर्मनीत. आणि जर्मनीत गेलेल्या पैशाचं काय होतं, माहीत आहे?"

"काय होता?"

"पाणबुडी होते," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं असावं. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

माझा नवरा भिवा बोटीवर आगवाला होता. बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा ओढायचा. त्याच वर्षी माघात ती बोट पाणबुडीने फोडली. फाल्गुनात तार आली. म्हणूनच मला ही नोकरी मिळाली होती. परक्या बायकांच्या निऱ्या झाडायचं काम सवाष्ण कशाला करील? महिना चौदा रुपये. घरी आंधळी सासू होती. मी उलट्या हाताने, सुलट्या हाताने, अंबाड्यापासून टाचेपर्यंत बायका चाचपायची आणि मनात म्हणायची, हा रुपया अडवला तर कुणाचातरी भिवा वाचेल.

"नीट आठवा," साहेब म्हणाले. "असं काही आहे का, जे तुम्ही बघत नाही?"

होतं. एकच होतं.

आमच्याकडच्या पुष्कळ घरांची कुलदेवी पलीकडे आहे. नवस फेडायला सवाष्ण निघाली की घरच्या देवापुढे पदरात ओटी बांधते. पाच मुठी तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड. पदराची गाठ कमरेला खोचते. ती गाठ वाटेत सुटता कामा नये, ती देवीच्या पायाशीच सोडायची. आणि विधवेचा हात तिला लागता कामा नये. लागला तर ज्याच्या नावाने नवस, त्याच्यावर येतं, असं म्हणत. त्यामुळे ओटीवाली आली की ती दोन्ही हातांनी ओटी उचलून बाजूला धरायची, मी बाकीचं अंग बघायची आणि म्हणायची, जा. सरकारने झडतीला विधवा नेमली, त्या दिवशीच ओटीला पास मिळाला होता. ते साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

शेवटी मी सांगितलं.

साहेब बराच वेळ शिंपला फिरवत बसले. "माझी आईसुद्धा तुम्हाला हात लावू देणार नाही," ते म्हणाले. "मग असं करा. मंगळवारी बायका निघतात ना? बाबल्या तारीच्या बायकोला बोलवा. ती सवाष्ण आहे. ओट्या तिला बघू देत."

"ती बघूची नाय, साहेब. बघितल्यासारखा करतली. आणि सांजपर्यंत साऱ्या गावाक सांगतली."

"मग?"

"मी बघतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही. त्यांनी मान डोलावली.

आता केसरबद्दल सांगायला हवं. केसर आणि मी एकाच वाडीतल्या, एकाच महिन्यात लग्न झालेल्या. तिचा नवरा सगुण आणि माझा भिवा एकाच बोटीवर, एकाच भट्टीपुढे. तार दोघींच्या घरी एकाच दिवशी आली. त्यात लिहिलं होतं की बोट बुडाली, माणसांचा पत्ता नाही. बाराव्या दिवशी वाडीतल्या म्हाताऱ्या जमल्या. मी हात पुढे केला. त्यांनी दगडाने माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

केसरने हात पाठीमागे घेतला. "मडा बघल्याबिगर मी बांगडी फोडूचंय नाय," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी तिला शिव्या दिल्या. सासऱ्याने जेवण तोडलं. विहिरीवर बायका तिला बघून तोंड फिरवायच्या. मीसुद्धा फिरवलं. बापय मेला आणि ही कुंकू लावून मिरवते, असं मीच कुणाला तरी म्हटल्याचं आठवतं. चार-पाच महिने ती अशीच राहिली. आणि आषाढात तिच्या नावाने एक कार्ड आलं. मास्तरांनी ते देवळाच्या पायरीवर वाचलं. सगुण जिवंत होता. जर्मनांनी पाण्यातून काढून त्याला छावणीत ठेवलं होतं. पलीकडच्या गावचा आंतोनही त्याच्यासोबत होता. कार्डात शेवटी एक ओळ भिवाची होती. भिवा फळीला धरून रात्रभर होता, पहाटे हात सुटला.

वाडी केसरच्या पाया पडायला धावली. तिची खरी पतिव्रता झाली. मी माझे हात घेऊन घरी आले.

पण केसर माझ्याशी कधी वाकडं वागली नाही, हे खरं आहे. त्या आषाढापासूनच दर महिन्याला एका मंगळवारी ती ओटी बांधून पलीकडे जायची, सगुणाच्या नवसाची. जाताना माझ्यासाठी काहीतरी आणायची. सुके बांगडे, कोकम, एकदा नवी केरसुणी.

त्या मंगळवारी सकाळी ओहोटी लागली होती. बाबल्या तारी होडी चिखलातून ढकलत होता. तो रोज मला बघून काहीतरी बोलायचाच.

"द्वारके, आज किती लुगडी झाडलंस गो? निऱ्यांत एखादी पाणबुडी गावली काय?"

"तुझ्या बायलेच्या निऱ्यांत गावतली. पाठव तिका."

"माझ्या बायलेच्या निऱ्यांत मीच अजून काय शोधूक नाय," तो म्हणाला. होडीतले दोन म्हातारे हसले.

सकाळपासून दोन ओटीवाल्या येऊन गेल्या होत्या. दोघी वयस्कर. मी त्यांच्या ओट्यांकडे नुसतं बघितलं आणि त्यांना सोडलं. दोन्ही ओट्या हलक्या होत्या. सहा महिने बायकांची अंगं चाचपून मला एक कळायला लागलं होतं. पाच मुठी तांदूळ आणि एक नारळ बांधलेला पदर किती खाली येतो, चालताना कसा झुलतो, ते मला दुरून दिसायचं.

मग केसर आली. वर माडांतून उतरताना तिचा पदर झुलत नव्हता.

खोपटीत शिरल्या शिरल्या तिने नेहमीसारखी ओटी दोन हातांत उचलून बाजूला घेतली. "काय गो, आज तोंड असा कित्या? साहेबान मारल्यान की काय?"

"कोण मारता माका."

"सरकारचो भात मानवलो तुका. गाल बघ कसे झालेत. हयसर बांगड्याची पुरचुंडी ठेवलंय, मांजरान नेव नको."

मी तिचा अंबाडा बघितला. चोळी, कंबर, निऱ्या. नाक्यावर अंगावरचे दागिने जाताना लिहून घ्यायचे आणि परतताना पुन्हा मोजायचे, अशी रीत होती. त्यामुळे अंगावर सोनं घालून नेऊन तिकडे विकता येत नसे. केसरच्या अंगावर मंगळसूत्राखेरीज काही नव्हतं. हिरवा काचेचा चुडा तेवढा कोपरापर्यंत भरलेला.

"पाटल्यो खंय गो तुझ्यो?" मी विचारलं.

"घराकडे. ह्या दिवसांत कोण घालून फिरता?"

"केसर, ओटी सोड."

ती हसली. "काय?"

"ओटी बघूची असा. नवो हुकूम."

"सोडून चलता काय गो? देवीच्या पायाकडे सोडूची ती."

"सोडू नको तर. मी वरसून चाचपतंय."

तिचं हसू गेलं. "तू?"

"मी."

तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि लगेच खाली आली. तिला मला दुखवायचं नव्हतं, म्हणून तिने तो शब्द उच्चारला नाही. "द्वारके," ती हळू म्हणाली, "बाबल्याच्या बायलेक बोलाव. तिचो हात चलात. तुझ्या पायां पडतंय. सगुणाच्या नावाची असा ती."

बाबल्याची बायको पन्नास पावलांवर, तरीच्या झाडाखाली मासे निवडत बसली होती. हाक मारली असती तर आली असती.

मी केसरच्या ओटीत हात घातला.

ती ओरडली नाही. चटका बसावा तसा तिचा श्वास आत ओढला गेला, आणि तिने डोळे मिटले. नारळाच्या शेंडीखालून माझी बोटं तांदळात गेली. तांदूळ गार होते. आणखी खाली गेली. तिथे टणक, कापल्यासारख्या कडांचे तुकडे लागले. एक बाहेर काढला. केसरच्या पाटलीचा तुकडा. सगुणाने दुसऱ्या सफरीहून आल्यावर केलेल्या पाटल्या. त्यांच्यावरची वेल मला पाठ होती. अशाच मला करून देईन असं भिवा म्हणाला होता.

केसरने माझं मनगट धरलं. आता तिला विधवेच्या हाताची पर्वा उरली नव्हती. तोंड माझ्या कानाशी आणून ती भराभर बोलू लागली.

"द्वारके, ओरडू नको. आयक. सगुणासाठीच असा ता. म्हापशाक आंतोनचो भाव असा, तो पैशे लिस्बनाक धाडता. लिस्बनाक त्यांचो मावसभाव बोटीवर कुक असा. तो थयसून डबे धाडता छावणीत. पाव, साखर, माशांचे डबे. जर्मनाक त्यातलो एक पैसो जायत नाय गो, देवीची आण. चार डबे पोचले. कार्ड इला परवा. त्यान सांगून लिवून घेतल्यान, थंडी लय असा, पाय सुजलेत, लोकरीचे मोजे गावले तर बघ. माझ्याकडे ह्या शेवटचा असा. ह्या जांव दी. मगे मी परत येवचंय नाय. द्वारके?"

बाहेर साहेब खोकले. माझा हात अजून तांदळातच होता.

"साहेब!" मी हाक मारली. "आत येवा."

साहेबांच्या टेबलावर मुंबईच्या कागदाशेजारी तांदूळ ओतले. नारळ घरंगळत खाली गेला आणि भिंतीशी थांबला. तुकडे चौदा निघाले. साहेबांनी ते काट्यावर घातले, लिहिलं, पुन्हा घातले. केसरने काही लपवलं नाही. मला सांगितलं तेच तिने साहेबांना सांगितलं, फक्त सावकाश.

"सरकारी वाट आहे ना?" साहेब म्हणाले. "कैद्यांच्या बायकांनी मुंबईला अर्ज करायचा. सरकार स्वतः डबा पाठवतं."

"केलंय. आषाढात केलंय, मास्तरांकडसून लिवून. भादव्यात परत केलंय. तुमची पोच इली, नंबर घातलेली. डबो काय गेलो नाय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "बाई, हा पैसा शत्रूच्या मुलखात जात होता की नाही?"

"माझ्या घोवाकडे जात होतो."

"तुमचा घोव कुठे आहे?"

साहेब पुन्हा टाक उचलून म्हणाले, पण तिला नव्हे, कागदाला म्हटल्यासारखं, "मुलूख कुठला, एवढाच रकाना आहे. खाणारा कोण, हे लिहायला जागा नाही."

त्यांनी लिहिलं. केसरने अंगठा दिला. तिला न्यायला दोन शिपाई येईपर्यंत ती बाहेरच्या दगडावर बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. एकदा बाबल्याला हाक मारून म्हणाली, "देवीचो नारळ तरी पलीकडे नी रे. अर्ध्यात ठेवू नये." बाबल्याने आत येऊन भिंतीशी पडलेला नारळ उचलला. तांदूळ मूठमूठ गोळा करून पंच्यात बांधले. जाताना माझ्याकडे बघून काही बोलायचं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसापासून त्याने माझी मस्करी केली नाही. पुढची तीन वर्षं तो मला होडीतून नेता-आणताना नुसता वल्हं मारायचा.

केसरला तीन महिने कैद झाली. सोनं जप्त झालं. तिला पलीकडे जायला कायमची बंदी झाली. मला मुंबईहून शाबासकीचा कागद आला. साहेबांनी तो वाचून दाखवला. शत्रूकडे जाणारा पैसा रोखण्याच्या कामी सावधगिरी दाखवल्याबद्दल. वर दोन रुपये वाढ. ते वाचताना साहेबांचा आवाज सपाट होता. चैत्रात त्यांची बदली झाली. निघताना ते नाक्याच्या पायरीवर जरा थांबले.

"द्वारकाबाई, एक सांगतो. ज्या पैशासाठी मुंबई ओरडत होती ना, तो इथून कधी गेलाच नव्हता. तो एका मोठ्या पेढीच्या तारांवरून जात होता. कोट-टाय घातलेली माणसं, सहीशिक्क्याचे कागद. इथे आपण ओट्या उपसत होतो."

"मगे केसरचा सोना?"

"ते जमा झालं," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

गावात मात्र पैशाचं कुणी बोलत नव्हतं. गाव एकच बोलत होतं, रांडेने ओटीला हात लावला. बायका आमच्या तरीवर यायच्या बंद झाल्या. दीड कोस लांबच्या तरीने जायच्या. माझी सासू आंधळी, पण बहिरी नव्हती. तिने एक दिवस विचारलं, "लावलंस काय गो हात?" मी म्हटलं, लावलंय. त्यानंतर ती माझ्या हातचं पाणी प्यायची, पण तिच्या देवाला वाहायचं पाणी शेजारणीकडून भरून घ्यायची.

लढाई संपली. सेहेचाळीसच्या चैत्रात आंतोन परत आला. घरी जाण्याआधी तो खाडी ओलांडून आमच्या वाडीत आला. केसरच्या अंगणात माणसं जमली. मी कुंपणापाशी, माणसांच्या मागे उभी राहिले. आंतोनचा नुसता हाडांचा सापळा उरला होता. तो बसला नाही. टोपी हातात धरून, उभ्यानेच सांगून टाकलं.

सगुण त्रेचाळीस सालच्या थंडीत गेला. आधी पाय, मग खोकला. डबे चार आले होते. चौघं वाटून खायचे. पाचवा येणार म्हणून सगुण रोज दाराशी जायचा. महिनाभर तो त्याच डब्याबद्दल बोलत होता. मग त्याने बोलणं सोडलं.

"डबो इलो असतो तर?" केसरने विचारलं.

आंतोन टोपी फिरवत राहिला. "डबे गावले तेपण मेले, वयनी. नाय गावले तेपण जगले. कोणाक ठावक?"

केसरने मागे वळून म्हाताऱ्यांकडे बघितलं आणि स्वतःच हात पुढे केला.

ही गोष्ट कुणाला सांगून लिहवून घेण्यासारखी नव्हती. लिहिणाऱ्याला ती कळली असती. म्हणून मला अक्षर येईपर्यंत थांबावं लागलं, आणि ते साठीला आलं. इतकी वर्षं मी स्वतःला निरनिराळ्या गोष्टी सांगत आले. नोकरी गेली असती. सासू उपाशी मेली असती. साहेब बाहेरच उभे होते, त्यांनी ऐकलं असतं. भिवाला ज्यांनी बुडवलं त्यांना एक पैसा जाऊ द्यायचा नाही, अशी मी शपथ घेतली होती. यातलं खोटं काहीच नाही. पण तांदळात हात असताना यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं.

केसर 'मोजे' म्हणाली, तेव्हा मनात एवढंच होतं. हिच्या नवऱ्याला अजून पाय आहेत. ते सुजतात. त्यांना थंडी लागते. माझ्या नवऱ्याचे पाय माशांनी खाल्ले. मला सांगितलं तसं मी केलं, म्हाताऱ्यांपुढे हात धरला, कुंकू पुसू दिलं, आणि मला फळीवरून सुटलेला हात मिळाला. हिने कुणाचं ऐकलं नाही आणि हिला कार्डं येतात. त्यात मोजे मागितलेले असतात. मी हाक मारली ती त्यासाठी. दुसरं काही नव्हतं.

केसरच्या बांगड्या फुटल्यावर महिन्याने ती नाक्यावर आली. वैशाखातली दुपार होती, तरीवर कुणी नव्हतं. मी खोपटीच्या सावलीत झाप विणत बसले होते. ती माझ्यापुढे जमिनीवर बसली. त्या मंगळवारनंतर आम्ही बोललो नव्हतो. साडेतीन वर्षं. ती खूप वाळली होती.

"एक विचारूक इलंय," ती म्हणाली. "खरा सांग. त्याच्याबिगर माका दुसरा काय नको."

"विचार."

"त्या दिवशी तू साहेबाक हाक मारलंस, ती मी तुका सगुणाचा सांगल्यावर, की आधी?" तिचे डोळे माझ्यावर खिळले होते. "माका आठवत नाय. रातदिस आठवून बघतंय. एकदा वाटता सांगितलंय आणि मगे हाक मारलंस. एकदा वाटता, हातात सोना लागल्याबरोबर तू हाक मारलंस, मी मागसून बोलत रवलंय, तुका आयकूकच इला नाय. सोना बघून हाक मारलंस तर तुझा काम होता ता. तुझो घोव त्यांनी मारलो. पण समजल्यावर मारलंस असशीत तर..."

ती थांबली. पुढचं काय, ते तिलाही माहीत नसावं.

खाडीचं पाणी भरत होतं. लांब बाबल्याची होडी रिकामी हेलकावत होती. मी हातातलं झाप खाली ठेवलं.

"आधी," मी म्हणाले. "सोना लागला तशी हाक मारलंय. तू काय बोललंस ता माका नंतर, साहेबाच्या टेबलाकडे कळला."

तिने डोळे मिटले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखा तिचा श्वास बाहेर पडला. "तसाच असतला," ती म्हणाली. "माझा मन सांगीत होता. द्वारकी तशी नाय." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती रडायला लागली. नवरा गेल्याचं ऐकल्यापासून ती रडली नव्हती, असं तिनेच मला पुढे सांगितलं.

त्यानंतर ती एकतीस वर्षं जगली. तिला दुसरं कुणी नव्हतं आणि मलाही. सासू गेल्यावर ती माझ्याकडेच राहायला आली. विहिरीवर कुणी बाई माझ्याबद्दल जुनं काही काढू लागली की केसर कमरेला पदर खोचून तिच्या अंगावर जायची. "तिका काय ठावक नव्हता! मी सांगतंय ना? माझो घोव गेलो, तुझो नाय. माका नाय राग, मग तू कोण गो मोठी?" बाया गप्प बसायच्या. केसरपुढे कोण बोलणार? हळूहळू गावानेही ते सोडून दिलं.

मग ती घागर भरून माझ्या कमरेवर द्यायची आणि म्हणायची, "चल बाय, तू कित्या मान खाली घालतंस?"